व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं तोंड आणि ग्रंथालयातले अकरा आठवडे

अतिदक्षता विभागाच्या भिंतीवर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या देखभालीचा तक्ता लावलेला होता. त्यात एक ओळ होती : क्लोरहेक्सिडीनने (हे एक जंतुनाशक) तोंड स्वच्छ करणे, दिवसातून दोनदा. ही ओळ ठेवायची की काढायची, एवढाच प्रश्न होता. एका डॉक्टरांनी 'ठेवा' म्हणणारा लेख आणला, सिस्टरांनी 'काढा' म्हणणारा. दोन्ही नावाजलेल्या जर्नलमधले. संसर्ग नियंत्रण समितीने निर्णय पुढे ढकलला आणि इतिवृत्तात लिहून टाकलं, 'ग्रंथालयाच्या मदतीने पुरावा तपासून सादर करावा.' पहिल्या अर्जापासून तक्ता बदलेपर्यंत अकरा आठवडे गेले. अशी पाळी ज्यांच्यावर येईल त्यांना कुठे काय अडतं ते आधी कळावं, म्हणून हे क्रमाने लिहीत आहोत.

पहिला आठवडा : अर्ज आणि मुलाखत

ग्रंथालयाचा शोधविनंतीचा अर्ज जेमतेम अर्ध्या पानाचा, पण भरायला बसलं की घाम फुटतो. नाव, विभाग, फोन झाल्यावर खरे रकाने येतात : नेमका प्रश्न काय, उत्तर कशासाठी हवं, कधीपर्यंत हवं, आधी काय वाचलंय. 'कशासाठी' हा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात. तो भराच. समोर रुग्ण आहे आणि आज डोस ठरवायचा आहे, अशा प्रश्नाला त्याच दिवशी दोन-तीन भरवशाचे लेख आणि एखादी मार्गदर्शक सूचना पुरते. सगळ्या विभागाची पद्धत बदलायची असेल तर मात्र सगळं धुंडाळावं लागतं, आणि त्याला आठवडे लागतात. ग्रंथपाल कामाचा आवाका या एका रकान्यावरून ठरवतात.

आमच्या अर्जात प्रश्नाच्या जागी 'क्लोरहेक्सिडीन आणि न्यूमोनिया' असं होतं. अर्ज परत आला. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. आणखी एक, अर्जावर रुग्णाचं नाव किंवा केस नंबर लिहू नये. वय, आजार आणि परिस्थिती पुरते. हे अर्ज फाइलला राहतात आणि अनेकांच्या हातांतून जातात.

मग ग्रंथपालांसोबत चाळीस मिनिटांची बैठक. पूर्ण अकरा आठवड्यांत सगळ्यात जास्त काम या चाळीस मिनिटांत झालं, असं आता वाटतं. प्रश्नाचे चार तुकडे करायचे : रुग्ण कोण, उपाय काय, तुलना कशाशी, परिणाम कोणता मोजायचा. या चौकटीला पिको म्हणतात. कागदावर ती सोपी दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक तुकड्याला फाटे फुटतात. रुग्ण म्हणजे ४८ तासांहून जास्त व्हेंटिलेटरवर असलेले प्रौढ, की हृदयशस्त्रक्रियेनंतर काही तासांत नळी निघणारेही? उपाय म्हणजे ०.१२ टक्के, ०.२ टक्के की २ टक्के द्रावण? द्रव की जेल? तुलना सलाइनशी, की नुसत्या ब्रशशी?

परिणामाच्या रकान्यात आम्ही फक्त व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया लिहिला होता. ग्रंथपालांनी विचारलं, 'मृत्यू मोजायचे नाहीत का?' खरं तर सगळा वाद तिथेच होता. हा न्यूमोनिया ठरवताना एक्स-रेवरची सावली, कफाचं स्वरूप, कल्चर (कफातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) यांचा आधार घेतात आणि यात पाहणाऱ्याच्या अंदाजाचा भाग मोठा असतो. जंतुनाशकाने कफाचं कल्चर 'स्वच्छ' येऊ लागलं, तर आजार तेवढाच राहूनही निदान कमी होऊ शकतं. मृत्यूची नोंद अशी हलत नाही. परिणामांच्या यादीत मृत्यू, व्हेंटिलेटरवरचे दिवस आणि तोंडातल्या जखमा यांची भर पडली.

दुसरा आठवडा : आधी कोणी केलंय का

स्वतः शोधायला लागण्याआधी, हे काम कोणी करून ठेवलंय का ते पाहायचं. बरेचदा शोध इथेच संपतो. आमचा संपला नाही, कारण दोन मोठ्या स्रोतांचा सूर जुळत नव्हता. वैद्यकीय चाचण्यांचे पद्धतशीर आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार क्लोरहेक्सिडीनमुळे या न्यूमोनियाचं प्रमाण २६ टक्क्यांवरून साधारण १८ टक्क्यांवर येत असावं. मृत्यूंत मात्र फरक दिसल्याचा पुरावा नव्हता. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ मध्ये अद्ययावत केलेल्या शिफारशींत क्लोरहेक्सिडीन 'साधारणतः करू नये' या गटात गेलं होतं आणि ब्रशने दात घासणं आवश्यक बाबींत आलं होतं. म्हणजे डॉक्टर आणि सिस्टर दोघांचेही लेख बरोबरच होते. दोघांनी मोजलेली गोष्ट वेगवेगळी होती.

वाद असा समोरासमोर आला की नवीन शोध टाळता येत नाही. कॉक्रेनचा आढावाही ज्या तारखेपर्यंत शोधलेलं असतं तेवढ्यापुरताच असतो. आढाव्यावर छापलेलं वर्ष बघू नका, आतली शोधाची तारीख बघा. दोन्हींत वर्षभराचं अंतर सहज पडतं.

तिसरा आणि चौथा आठवडा : शोधसूत्र

शोध म्हणजे चौकटीत शब्द टाकून बटण दाबणं, हा समज इथे उतरतो. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन संग्रहात ३ कोटी ७० लाखांहून जास्त नोंदी आहेत. नुसतं 'न्यूमोनिया' टाकलं तर येणाऱ्या यादीची लांबी बघूनच हात गळतात.

सूत्राचे तीन गट केले : क्लोरहेक्सिडीन आणि तोंडाची स्वच्छता, व्हेंटिलेटर आणि श्वासनलिकेतली नळी, आणि न्यूमोनिया. प्रत्येक गटात दोन प्रकारचे शब्द घ्यायचे. एक मेशचे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० पासून चालवलेल्या विषयशब्दांच्या यादीतले. लेखकाने शीर्षकात काहीही लिहिलेलं असो, नोंदीला ठरलेला विषयशब्द लावलेला असतो, आणि वरचा शब्द घेतला की त्याखालचे बारीक शब्द आपोआप येतात. दुसरे साधे शब्द, लेखकांनी शीर्षकात आणि गोषवाऱ्यात प्रत्यक्ष वापरलेले. दोन्ही लागतातच. पबमेडमधल्या काही नोंदींना मेश कधीच लागत नाही. एप्रिल २०२२ पासून मेडलाइनचे, म्हणजे पबमेडच्या मुख्य भागाचे, विषयशब्द संगणकच लावतो. त्यामुळे ते पटकन लागतात, पण अधूनमधून चुकीचे लागतात. एकाच पायावर उभं राहिलात तर दुसऱ्या पायाचे लेख निसटतात.

इथे नेहमी होणाऱ्या चुका जरा सविस्तर सांगतो, कारण वेळ यांतच जातो.

परिणामाचे शब्द सूत्रात घालायचा मोह होतो. 'मृत्यू' हा शब्द जोडला की यादी झटकन आटोपशीर होते. पण ज्या अभ्यासात मृत्यू मोजले, तरी गोषवाऱ्यात त्यांचा उल्लेख केला नाही, तो अभ्यास गेला. पिकोचे चारही तुकडे प्रश्न ठरवायला हवेत. सूत्रात बहुतेक वेळा दोन किंवा तीनच घ्यायचे. आम्ही न्यूमोनियाचा गट 'अँड'ने (दोन्ही गटांतले शब्द हवेतच) जोडून एकदा आणि तो गट वगळून एकदा असं दोनदा चालवून पाहिलं. न्यूमोनिया काढल्यावर यादी वाढली, पण त्या वाढीत मृत्यूवरचे कामाचे लेख होते. मग तो गट काढूनच टाकला आणि चाळण्याचं जास्तीचं काम पत्करलं.

'नॉट', म्हणजे अमुक शब्द असलेले लेख वगळा, जपून वापरा. 'लहान मुलं नकोत' म्हणून तो लावला की ज्या अभ्यासात मुलं आणि प्रौढ दोन्ही आहेत तोही जातो. 'फक्त माणसांवरचे अभ्यास' ही चाळणीही तशीच : ती मेशवर चालते, त्यामुळे मेश नसलेल्या नोंदी गुपचूप गळतात.

कंस विसरू नका. पबमेड 'अँड' आणि 'ऑर' (यांपैकी कोणताही शब्द चालेल) डावीकडून उजवीकडे क्रमाने सोडवतं. कंस नसेल तर सूत्राचा अर्थच बदलतो आणि पडद्यावर चूक म्हणून काही दिसत नाही. शब्दाच्या शेवटी ताऱ्याचं चिन्ह (*) लावून सगळी रूपं मागवली की पबमेडचं स्वतःहून समानार्थी शब्द जोडणं त्या शब्दापुरतं बंद होतं. आपण लिहिलेल्याचा त्याने काय अर्थ लावला हे प्रगत शोधाच्या पानावरच्या तपशिलात दिसतं. तिथे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सूत्र नीट बसलंय की नाही हे कसं कळणार? आधीच माहीत असलेले दहा महत्त्वाचे लेख बाजूला ठेवले आणि सूत्र त्यांना पकडतं का ते पाहिलं. आठ आले. राहिलेल्या दोनांपैकी एकात 'ओरल डीकंटॅमिनेशन' असा शब्द होता, दुसऱ्यात नुसतं 'अँटिसेप्टिक'. दोन्ही शब्द घातल्यावर दहाच्या दहा आले. मग दुसऱ्या एका ग्रंथपालांनी प्रेस नावाच्या तपासणी-यादीनुसार सूत्र वाचलं आणि क्लोरहेक्सिडीनच्या स्पेलिंगमधली आमची चूक काढली. असं परक्या नजरेने वाचून घेण्यात एक दिवस जातो आणि तो जाऊ द्यावा.

वर्षांची मर्यादा घालायची का, यावर थोडी चर्चा झाली. ग्रंथपालांनी नको म्हटलं आणि एक जुनं प्रकरण सांगितलं. २००१ मध्ये अमेरिकेत दम्यावरच्या एका प्रयोगात हेक्सामेथोनियम हुंगायला दिलेली २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका दगावली. या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, हे १९५० च्या दशकातल्या लेखांत छापलेलं होतं. संशोधकाने पबमेड पाहिलं होतं; तेव्हा त्यातल्या नोंदी १९६६ पासूनच्या होत्या. त्याआधीचं शोधायला छापील सूची उघडावी लागायची. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केलेल्या इंडेक्स मेडिकसचे ते जाड खंड, ज्यांचं छापील प्रकाशन २००४ मध्ये थांबलं, अनेक ग्रंथालयांत अजून कपाटात आहेत आणि जागा अडवतात म्हणून दर दोन-तीन वर्षांनी त्यांना रद्दीत काढायची टूम निघते. आमच्या विषयाला तितकं मागे जायची गरज नव्हती. तरी मर्यादा घातली नाही, आणि बरं झालं : या सगळ्या प्रथेला जोर देणारा ३५३ रुग्णांवरचा अभ्यास १९९६ चा, आणि तो हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा. गेल्या दहा वर्षांचीच चाळणी लावली असती, तर ही पद्धत मुळात कोणत्या रुग्णांवरून आपल्या तक्त्यावर आली हे कळलंच नसतं.

पाचवा आठवडा : सगळीकडे एकाच दिवशी

सूत्र पक्कं झाल्यावर सगळ्या संग्रहांत ते शक्यतो एकाच दिवशी चालवायचं, आणि तारीख, संग्रहाचं नाव, तो कोणत्या मंचावरून पाहिला आणि किती नोंदी आल्या हे तिथल्या तिथे लिहायचं. नंतर आठवून लिहिता येत नाही. पबमेड फुकट. एम्बेस या दुसऱ्या वैद्यकीय संग्रहाला वर्गणी लागते आणि आमच्या ग्रंथालयाची ती नव्हती. ग्रंथपालांनी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विनंतीपत्र पाठवलं, त्यावर विभागप्रमुखांची सही लागली आणि चार दिवस त्या सहीसाठी गेले. विभागप्रमुख रजेवर आहेत का ते आधी पाहून ठेवा. एम्बेसचे विषयशब्द मेशचे नसतात, त्याची यादी वेगळी आहे. पबमेडचं सूत्र तसंच्या तसं उचलून तिथे टाकलं तर अर्धवट चालतं आणि आकडा येतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

पबमेडमधून एका वेळी १०,००० पर्यंतच नोंदी उतरवता येतात. त्याहून जास्त असतील तर वर्षांनुसार तुकडे करायचे.

मग दुबार नोंदी काढणं. संदर्भ सांभाळणारं झोटेरो फुकट आहे, तेच वापरलं. ते दुबार शोधून देतं, पण जर्नलचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे संक्षिप्त असलं किंवा लेखकाची आद्याक्षरं उलटसुलट असली की चुकतं. नुसत्या शीर्षकावरून काहीही उडवू नका. परिषदेतला गोषवारा आणि नंतर आलेला पूर्ण लेख यांचं शीर्षक एकच असू शकतं, आणि घाईत पूर्ण लेखच कचऱ्यात जातो.

टीममधल्या एकाने या सुमारास संवादी एआयकडून तयार संदर्भयादी आणली. दिसायला झकास. ग्रंथपालांनी प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये तपासला. दोन लेख अस्तित्वातच नव्हते. समानार्थी शब्द सुचवायला असं साधन ठीक. त्याने दिलेला संदर्भ मूळ नोंद उघडून पाहिल्याशिवाय पुढे नेऊ नये.

सहावा आणि सातवा : चाळणं

कंटाळवाणं काम. दोघांनी वेगवेगळं बसून शीर्षकं आणि गोषवारे वाचायचे, एकमेकांचं न बघता. आधी पन्नास नोंदी दोघांनी वाचून ताळा घ्यावा. आमचा पहिला ताळा वाईट होता, कारण 'प्रौढ' म्हणजे किती वर्षांपासून हेच ठरलेलं नव्हतं. नियम लिहून काढल्यावर मतभेद कमी झाले, उरलेले तिसऱ्याकडे. शंका असेल तर या टप्प्यावर लेख आत ठेवायचा. नाकारण्याचं कारण इथे नोंदवायची गरज नाही. पूर्ण लेख वाचून नाकारला तर मात्र प्रत्येकाचं लिहावं लागतं.

सातव्या आठवड्याच्या शेवटापासून नवव्यापर्यंत : पूर्ण लेखांची वाट

इथे धीर सुटतो. प्रकाशकाच्या पानावर लेखाची किंमत दिसते आणि हात कार्डाकडे जातो. थांबा. आधी पबमेड सेंट्रलमध्ये, म्हणजे पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहात, पाहा. मग लेखकाच्या संस्थेच्या भांडारात, मग लेखकाला सरळ मेल करा. बरेच लेखक आनंदाने प्रत पाठवतात. यातलं काहीच जमलं नाही तर आंतरग्रंथालयीन मागणी. तिचा अर्ज वेगळा असतो आणि त्यावर 'केवळ खासगी अभ्यासासाठी' असं प्रताधिकाराचं प्रतिज्ञापत्र सही करून द्यावं लागतं. एका अंकातला एकच लेख मागता येतो, असं बऱ्याच ठिकाणी बंधन असतं. मागणीत लेखाचा पबमेड क्रमांक किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) द्या. नुसतं शीर्षक दिलं की चुकीचा लेख येतो आणि आठवडा जातो.

नवे लेख दोन-तीन दिवसांत आले. नव्वदच्या दशकातले स्कॅन होऊन आले, त्यांतल्या एकाचे आलेख इतके काळे होते की आकडे वाचता येईनात. पुन्हा स्कॅन मागवला. शेवटचा लेख सतराव्या दिवशी मिळाला. या काळात आलेले लेख वाचायला लागावं, सगळे जमायची वाट पाहू नये.

हातात आलेला प्रत्येक लेख जर्नलने नंतर मागे घेतलाय का, हे पबमेडच्या नोंदीवर पाहायचं. मागे घेतलेल्या लेखाच्या आधी उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर तसं काहीच लिहिलेलं नसतं. ही तपासणी अहवाल देण्याच्या दिवशी पुन्हा एकदा करा.

दहावा : दोन पानं

समितीला जाडजूड अहवाल नको असतो. दोन पानं केली. प्रश्न, कुठे आणि कोणत्या तारखेला शोधलं, काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि हे कोणत्या रुग्णांना लागू नाही. 'काय मिळालं नाही' या परिच्छेदावर ग्रंथपाल अडून बसले आणि समितीत नेमके त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण वेगळे काढले की न्यूमोनियातला फायदा पुसट होतो आणि मृत्यूबाबत काळजी उरते, हे २०१४ च्या एका मेटा-विश्लेषणात (अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र मांडून केलेल्या अभ्यासात) होतं. ब्रशच्या बाजूने १५ चाचण्यांचा आढावा डिसेंबर २०२३ मध्ये आला होता. कॉक्रेनचा २०२० चा शोध त्याच्या आधीचा. पूर्ण शोधसूत्र परिशिष्टात जोडलं, म्हणजे उद्या कोणालाही तेच पुन्हा चालवून पाहता येईल.

अकरावा, आणि त्यानंतरचं

समितीत पंचवीस मिनिटं लागली. क्लोरहेक्सिडीनची ओळ काढून ब्रशची घातली; हृदयशस्त्रक्रिया विभागाने आपला निर्णय स्वतंत्र घ्यावा असं ठरलं. औषधभांडाराला, परिचारिका प्रशिक्षणाला आणि गुणवत्ता विभागाला पत्रं गेली. नव्या तक्त्यावर आवृत्ती क्रमांक आणि पुढच्या तपासणीची तारीख टाकली. जुन्या तक्त्याच्या प्रती मोजून परत घ्या. नाहीतर एखादी ट्रॉलीच्या काचेखाली राहते आणि नवीन आलेली सिस्टर तीच वाचते.

ग्रंथालयाने काम संपल्यावर एक चिठ्ठी दिली : या माहितीमुळे रुग्णाच्या देखभालीत काही बदललं का, काही टळलं का. औपचारिकता वाटते, पण भरून द्या. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये १५ रुग्णालयांत असाच प्रश्न विचारला गेला होता आणि तो अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर देणाऱ्या २०८ डॉक्टरांपैकी ८० टक्क्यांनी, ग्रंथालयातून मिळालेल्या माहितीमुळे उपचारात काहीतरी वेगळं केलं किंवा बहुधा केलं असतं, असं सांगितलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच धर्तीच्या, १६ हजारांहून जास्त उत्तरं जमवलेल्या पाहणीत हे प्रमाण साधारण तीन चतुर्थांश निघालं. ही सगळी डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी स्वतः सांगितलेली उत्तरं आहेत, कोणी केसपेपर उघडून ताडून पाहिलेली नाहीत, हे लक्षात ठेवूनच ती वाचावीत. तरी ग्रंथालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकावर चर्चा होते तेव्हा टेबलावर ठेवायला अशा चिठ्ठ्यांखेरीज फारसं काही नसतं. पुस्तकं किती दिली-घेतली याचा आकडा असतो, पण आमच्या अकरा आठवड्यांत एकही पुस्तक दिलं-घेतलं गेलं नाही.

शोधसूत्र पबमेडच्या खात्यात साठवून ठेवलं आहे. त्यासाठी खातं फुकट उघडता येतं. दर महिन्याला नव्या नोंदींची मेल येते. ती एकट्याच्या पत्त्यावर न मागवता विभागाच्या सामाईक पत्त्यावर मागवा, माणसं बदलतात. पहिल्या महिन्याच्या मेलमध्ये सहा नोंदी होत्या. पाच कामाच्या नव्हत्या. सहाव्या लेखासाठी मागणीचा अर्ज भरून दिला आहे.